फुगागोळीचा वानोळा

पाकिटावर माझ्या सासऱ्यांचा फोटो होता. डोक्याला केशरी फेटा, हात जोडलेले, गालात हसू. त्यांच्या खाली दोन गोल चौकटींत त्यांचे दोन मुलगे, म्हणजे माझा नवरा गोपाल आणि धाकटा दीर श्याम, दोघांच्याही डोळ्यांवर काळे गॉगल. आणि वर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं: महादेवराव अँड सन्स, मोर्शीवाले.

मी पाकीट उलटं केलं. मागच्या बाजूला एका बाईचा हात होता, हिरव्या बांगड्या घातलेला, तळव्यावर संत्र्याची फोड. बाई नव्हतीच, मनगटापर्यंतचा नुसता हात. श्यामनं तो इंटरनेटवरून उचलला होता. म्हणजे तो हातसुद्धा माझा नव्हता.

"कसं वाटते वहिनी?" श्याम म्हणाला. त्याचं राजकमल चौकाजवळ फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस असो, निवड असो, नाहीतर कोणी वारलेलं असो, हा माणूस सगळ्यांना एकाच साच्यात बसवतो. "एकदम ब्रँडेड वाटते न?"

"भाऊजी, माहं नाव कुठी हाय?"

त्यानं पाकीट माझ्या हातातून घेतलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं, जणू ते कुठेतरी सापडेलच. मग म्हणाला, "मांगं हात हाय न लेडीजचा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी मी तेव्हा काही बोलले नाही, कारण मशीन चालू होतं आणि ट्रे काढायची वेळ झाली होती. माल वेळेवर काढावा लागतो. रागाला थांबता येतं.

हे मशीन घरात आलं तेव्हा काय काय ऐकलं मी! अमरावतीच्या कोचिंग क्लासमध्ये पोरांना विज्ञान शिकवून शिकवून घसा बसला, त्या कमाईतून घेतलेलं मशीन ते. लहान फ्रिजएवढं, पुढे जाड काचेचं दार. आत माल ठेवायचा, दगडासारखा गोठवायचा, मग पंप आतली हवा ओढून घेतो आणि त्या मालातल्या बर्फाचं पाणी न होता सरळ वाफ होऊन जाते. राहतो तो हलका, कोरडा, फुगलेला माल. संत्र्याचा गर आटवून, साखर घालून मी त्याच्या गोळ्या करते आणि त्या अशा फुगवते. तोंडात टाकली की कुर्रर वाजते आणि लगेच विरघळते, मागे संत्र्याचा आंबटपणा तेवढा राहतो. आमच्या आळीतल्या पोरांनी तिला फुगागोळी नाव दिलं.

सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, पहिल्याच दिवशी दारात उभं राहून मशीनकडे पाहिलं होतं. "बर्फात टाकून वाळवते म्हने. उद्या चुलीत टाकून थंडं करशीन!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसत ते गेले. त्यानंतर जो पाहुणा येईल त्याला हा विनोद ऐकवायचा, हा त्यांचा नेम झाला. मी चहा घेऊन येईपर्यंत ते तो राखून ठेवायचे.

सुरुवातीला माल बिघडला, हे खरं. पाक आत उतू जाऊन सगळीकडे चिकटला, मी मान आत घालून तो खरवडत बसले. लाईन गेली की पंप बंद पडायचा आणि सगळ्या ट्रेंचा लगदा व्हायचा. श्याम यायचा, बरणी उघडायचा, मूठभर खायचा आणि झाकण तसंच टाकून जायचा. आमच्याकडे परतीचा पाऊस चालू असला की हवा ओली असते, आणि या गोळ्यांना हवा लागली की संपलं. चिकट होऊन एकमेकींना अशा धरतात की बरणी फोडावी लागेल. मग तोच सगळ्यांना सांगायचा, "वहिनीचा माल चिकट होते गा." एकदा तर मी त्याच्या हातावर झाकण आपटलं होतं. त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

संत्री मामाजींच्या मोर्शीच्या बागेतली, हेही खरं. पण बागेचा सौदा ते झाडावरच व्यापाऱ्याशी करतात. व्यापारी चांगली फळं नेतो आणि बारीक, डागाळलेली बांधावर फेकतो. ती फेकलेली फळं मी गोणीत भरून एसटीनं आणायचे. कंडक्टर कुरकुरायचा. त्या गोणीला घरातल्या एकाही माणसानं कधी हात लावला नव्हता.

अकोल्याला बचत गटांचं प्रदर्शन होतं, तिथे मी टेबल टाकून बसले. धर्मपालजी नावाचे मिठाईचे व्यापारी आले, दोन गोळ्या खाल्ल्या आणि तिसरी हातात धरून म्हणाले, "ताई, दिवाळीले माह्या सगळ्या दुकानांत ठेवतो. पाकीट फक्त छापील पायजे." मी घरी आले ती हवेतच. छपाई श्यामकडे दिली, घरचा माणूस म्हणून. कागदावर काय हवं ते माझ्या नावासकट स्वतः लिहून दिलं: साधनाची फुगागोळी. आणि आलं काय, तर महादेवराव अँड सन्स.

गोपाल बडनेऱ्याहून आला. रेल्वेत आहे तो. मी त्याला चपला काढू दिल्या नाहीत, पाकीट नाकासमोर धरलं.

"तुमाले माहीत होतं?"

त्यानं पाकिटाकडे पाहिलं नाही. त्यावरूनच समजलं की माहीत होतं.

"बाबाची इच्छा होती," तो म्हणाला. "म्हातारा मानूस खुश होते. तुह्यं काय जाते?"

"माहं काय जाते? माहं नाव जाते!"

"घरातलंच तं नाव हाय न? अन् आता छापून आली सगळी. फेकून द्याची का? दिवाळीनंतर पाहू."

मला सगळ्यांत जास्त राग गोपालचा आला. मामाजींना मशीनमधलं काही कळत नाही, श्यामला फोटो कापण्यापलीकडे काही कळत नाही. पण गोपाल घरात असायचा. पंप बिघडला तेव्हा मी त्याचं तेल बदलताना त्यानं बाजूला उभं राहून पाहिलं होतं. पहिली नीट फुगलेली गोळी मी त्याच्याच तोंडात घातली होती, तेव्हा "जमलं वं तुले!" असं तो ओरडला होता. आणि तोच आता गॉगल लावून पाकिटावर हसत होता.

मी मामाजींकडे गेले. ते झोपाळ्यावर बसून पान लावत होते. माझी सासू मैनाबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, खाली बसून लसूण सोलत होत्या.

"मामाजी, पाकिटावर माहं नाव पायजे."

"काहून?"

"धंदा माह्या हातचा हाय."

"अन् संत्रा कोनाच्या मळ्यातला हाय?" त्यांनी विचारलं. "माल कोनाचाबी असो, नाव घराचं लागते. बाईच्या नावाचा माल कोन घेते? लोक इचारतीन, हिच्या घरी मानसं नाहीत का म्हनून."

"धर्मपालजींनी घेतला न."

"तो अकोल्याचा. त्याले काय समजते."

आत्याबाईंचा लसूण सोलणारा हात थांबला होता. त्या घालतात ते संत्र्याचं लोणचं आमच्या नात्यात सगळीकडे जातं. सगळे त्याला 'महादेवरावांकडचं लोणचं' म्हणतात. मामाजींना त्यात मीठ किती पडतं तेही माहीत नसेल.

मी रडले नाही. मला राग आला की भांडी घासावीशी वाटतात. मी स्वयंपाकघरातली घासलेली भांडीसुद्धा पुन्हा घासली. आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं पाकिटं भरायला बसले. होय, भरली. धर्मपालजींना शब्द दिला होता, आणि शब्द मी दिला होता, सन्सनी नाही. सासऱ्यांच्या फेट्याखाली माझ्या गोळ्या ओतायच्या, वरची कड सीलिंग मशीननं चिकटवायची, खोक्यात ठेवायची. प्रत्येक पाकिटाबरोबर ते तिघं माझ्याकडे पाहून हसायचे. खोकी भरली तेव्हा माझे दात दुखत होते, इतके मी आवळून धरले होते.

हे असंच चाललं असतं. माल अकोल्याला गेला असता, मी दिवाळीनंतर पुन्हा भांडले असते, पुन्हा 'पाहू' ऐकलं असतं. पण माल जायच्या आदल्या संध्याकाळी मोर्शीहून शालिकरामकाका आले. मामाजींचे लहानपणचे मित्र. मामाजींनी आल्याआल्या पाकीट त्यांच्या हातात ठेवलं. मी चहा घेऊन गेले.

"आपला नवा धंदा," मामाजी सांगत होते. "सुनेले टाइमपास पायजे होता, तं मशीन घेऊन देल्लं. मंग पोरायनं धंदा उभा केला. आता अकोल्याले चालला माल."

घेऊन देल्लं! चहाचा ट्रे माझ्या हातात होता. तो त्यांच्या डोक्यावर पालथा घालावा असं मला खरोखर वाटलं. मी तो स्टुलावर ठेवला.

शालिकरामकाकांनी पाकीट उलटसुलट केलं. "चांगलं हाय गा. पन महादेव, आमाले वानोळा नाही आला याचा?"

वानोळा म्हणजे नव्या पिकाचा पहिला वाटा. बागेतलं पहिलं संत्रं, शेतातला पहिला हरभरा, पहिली कणसं, जे काही निघेल ते आधी शेजारीपाजारी, सोयऱ्याधायऱ्यांकडे चाखायला जातं आणि मगच बाजारात. आमच्या घरात यावर मामाजींचा फार कटाक्ष. वानोळा वाटल्याशिवाय महादेवरावांचं पीक विकायला जात नाही, हे ते आल्यागेल्याला सांगतात. ज्याच्या घरी वानोळा जातो तो दारातच विचारतो, "कोनाचा?" आणि नेणाऱ्यानं नाव सांगायचं: महादेवरावांच्या मळ्यातला. ज्याचं पीक, त्याचं नाव.

मामाजी हसले. "याचा कायचा वानोळा? हे काय पीक हाय का? गोळ्या-बिस्कुटं हायेत बाईमानसाची. वानोळा आपल्या संत्र्याचा येईन तुले."

मी तिथेच उभी होते. नाव लावायचं तेव्हा तो घराचा धंदा. आणि वानोळा म्हटला की बाईमाणसाच्या गोळ्या. एवढा सरळ अपमान त्यांच्याही लक्षात आला नाही, इतका तो त्यांच्या सवयीचा होता. त्या रात्री मला फार छान झोप लागली, कारण सकाळी काय करायचं ते ठरलं होतं.

सकाळी गोपाल आणि श्याम खोकी बांधायला सुतळी आणायला म्हणून गेले. मी मोठी परात घेतली, कात्री घेतली, आणि पहिलं पाकीट वरच्या कडेशी सरळ रेषेत कापलं. गोळ्या परातीत सांडल्या. मग दुसरं. मग तिसरं. पाकिटं मी फाडली नाहीत, एकाचीही फोटोवर चीर पडू दिली नाही. एकावर एक नीट रचून परत खोक्यांत ठेवली.

आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय करून राहिली वं?"

"वानोळा काढून राहिली आत्याबाई. आपल्या घरचा माल वानोळ्याबिगर बाजारात जात नाही न?"

त्यांनी परातीकडे पाहिलं, रचलेल्या पाकिटांकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं असावं. "हवा लागली तं परत भरता येते?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्या आत गेल्या. मला वाटलं, मामाजींना सांगायला गेल्या. पण परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात दुसरी रिकामी परात आणि ती झाकायला विणलेला रुमाल होता. अर्ध्या गोळ्या त्यांनी त्यात ओतून घेतल्या.

पहिलं घर सुंदराबाईंचं. म्हातारी ओट्यावर बसली होती. मी ओंजळभर गोळ्या तिच्या पदरात घातल्या.

"कोनाचा वं वानोळा?"

"माहा," मी म्हणाले. "साधनाचा."

ती क्षणभर गोंधळली. तिच्या उभ्या आयुष्यात तिनं बाईचा वानोळा घेतला नव्हता. मग ती म्हणाली, "ठेवतो मंग. नातवंडं आली का खातीन."

"ठेवू नका. आताच खाऊन टाका, हवा लागते त्याले."

तिनं एक तोंडात टाकली. दात नव्हते तिला, तरी टाळूवर दाबून फुटलीच. "अगं बाई!" ती ओरडली, आणि आतून सूनबाईला हाक मारली. समोरची जमुना पोरं घेऊन आली. मग सगळी आळीच गोळा झाली. ऑटोवाले थांबले. दूध घालणारा थांबला. प्रत्येकानं विचारलं, "कोनाचा?" आणि प्रत्येकाला मी सांगितलं, साधनाचा. पहिल्यांदा सांगताना माझा आवाज भांडखोर होता. नंतर नंतर तो नुसता मोठा झाला. सगळीकडे कुर्रर कुर्रर आवाज चालला होता आणि पलीकडच्या ओळीतून आत्याबाईंचा आवाज येत होता, "घ्या जी, साधनाचा वानोळा हाय, माह्या सुनेचा." आत्याबाई एवढ्या मोठ्यानं बोलतात हे मला माहीत नव्हतं.

आम्ही परत आलो तेव्हा धर्मपालजींची गाडी दारात लागलेली होती. श्याम खोकी उचलायला वाकला आणि खोकं एकदम हलकं वर आलं, तो मागेच पडता पडता राहिला.

"वहिनी! माल कुठी हाय?"

"वाटला."

"वाटला म्हंजे?" गोपाल धावत आला. त्यानं खोकं उघडलं. आत कापलेली रिकामी पाकिटं, नीट रचलेली.

"वानोळा वाटला. पाकिटं तशीच हायेत, मोजून पाहा. महादेवराव अँड सन्सची हायेत न? भरतीन सन्स."

मग मामाजी झोपाळ्यावरून उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "अकल गहाण ठेवली का तू? भर दारात बेइज्जती करून राहिली! घराचं नाक कापलं!"

"घराची रीतच पाळली मामाजी. कालच शालिकरामकाकांना तुमी म्हनले, हे बाईमानसाचं हाय. मंग बाईमानसाच्या नावानं वाटलं. आता तुमीच सांगा, कोनाचं हाय? तुमचं असन तं काल काकांना वानोळा काहून नाही देल्ला? अन् माहं असन तं पाकिटावर तुमचा फेटा काहून?"

त्यांनी नजर माझ्यावरून काढून रिकाम्या खोक्यांकडे वळवली. मला वाटलं होतं, हे पाहून फार बरं वाटेल. पण राग तसाच होता.

धर्मपालजी गाडीला टेकून सगळं ऐकत होते. ते पुढे आले आणि दोघा भावांना वळसा घालून माझ्यासमोर थांबले. "ताई, माल केव्हा भेटन? दिवाळी तोंडावर हाय."

"दुसरं पाकीट छापून येईन, त्यावर माहं नाव राहीन, त्याच दिवशी भरून देते. तोवर तुमचा माल अडला, त्याची माफी मांगते. बाकी कोनाची मांगत नाही."

त्यांनी श्यामकडे पाहिलं. श्यामनं गोपालकडे. गोपालच्या हातात एक रिकामं पाकीट होतं आणि तो त्यावरच्या स्वतःच्या गॉगलकडे पाहत होता.

"छाप," तो श्यामला म्हणाला. "आजच छाप. माहा फोटो नको टाकू."

मी परातीत पाहिलं. तळाशी एक गोळी उरली होती. ती उचलून मी मामाजींच्या समोर धरली. "घ्या मामाजी. साधनाचा वानोळा हाय."

आमच्याकडे वानोळ्याला नाही म्हणत नाहीत. तो जमिनीवर टाकत नाहीत, परतही करत नाहीत, आणि हे त्या आळीत सगळ्यांत जास्त वेळा मामाजींनीच लोकांना सुनावलेलं होतं. आळीतली माणसं अजून दारात होती. मामाजींनी हात पुढे केला. गोळी घेतली. पण तोंडात घातली नाही, मूठ आवळली आणि झोपाळ्यावर जाऊन बसले.

धर्मपालजींनी चहा घेतला, नव्या पाकिटाचं बोलणं माझ्याशी केलं, आणि त्यांची रिकामी गाडी गेली. पुन्हा भुरभुर पाऊस सुरू झाला. आळी आपापल्या घरात गेली. मामाजी तसेच बसले होते, मूठ मांडीवर. मग त्यांनी ती उघडायचा प्रयत्न केला. बोटं तळव्याला चिकटली होती, केशरी पाक मनगटापर्यंत ओघळला होता.

"मैना," त्यांनी हाक मारली. "गरम पानी आन. हे निघून नाही राहिलं."

आत्याबाई खाली बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मले नाही समजत त्यातलं," त्या म्हणाल्या. "जिचा माल हाय, तिले इचारा."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पदराला हात पुसत उभी होते. ते विचारीपर्यंत मी पाणी तापायला ठेवणार नव्हते.